काढून टाकलेला हॉर्न

माझ्या स्कूटरचा आवाज होत नव्हता, आणि याचा मला फार गर्व होता.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. बॅटरीच्या स्कूटर रस्त्यावर नुकत्याच दिसू लागल्या होत्या. लायसन्स लागत नसे, नंबरप्लेट लागत नसे आणि वेग सायकलपेक्षा जरासा जास्त. मुर्ध्याला आमची भाड्याची खोली होती. भाईंदर पश्चिमेला बाजारामागच्या एका छापखान्यात मी मजकूर टाइप करायला जायचे. जाताना गाडी घुं करत नाही, धूर सोडत नाही, म्हणून मी ताठ बसून चालवायचे. जणू मागे कुणी झेंडा धरून बसलंय.

हा ताठपणा घरचा. आम्ही महाडकडचे. बाबा कारखान्यात कामाला आणि उरलेला वेळ सभांना. घरात पुस्तकं मोजकी, पत्रकं मात्र गठ्ठ्यांनी. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. ‘बंधू-भगिनींनो’ हा शब्द मला ‘बदक’च्या आधी वाचता आला. त्यामुळे एखादी गोष्ट खुपली की माझा हात आपोआप पत्रकाकडे जायचा.

त्या वर्षी मला हॉर्न खुपला. ‘हॉर्न म्हणजे अनोळखी माणसाच्या कानाखाली मारलेली चपराक’ असं मोठ्या टायपात वर घालून मी पिवळ्या कागदावर पत्रक छापलं आणि स्टेशनजवळच्या रिक्षा स्टँडवर वाटलं. एका रिक्षावाल्याने ते वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि म्हणाला, “मॅडम, पहले अपना हॉर्न तो निकालो!”

सगळे हसले. मी संध्याकाळी घरी आले, बाबांचा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पुढचं झाकण उघडून, वायर कापून हॉर्न काढून टाकला.

बाबा बघत होते. म्हणाले, “शाब्बास. बोललं ते केलं पाहिजे.”

मुर्ध्याहून भाईंदरला जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी मासळीवाल्या बायका चालतात. एकामागे एक, डोक्यावर पाट्या. मी त्यांना रोज ओलांडून जायचे. त्यांच्यातली एकही कधी मागे वळून बघत नाही, हे मला दिसत होतं. का बघत नाही, हा प्रश्न मात्र मला पडला नव्हता. सगळ्याच गोष्टींवर मत असलेल्या मुलीला तो पडला नव्हता.

त्या सकाळी समोरून बस आली. मी डावीकडे घेतलं. नेमकी त्याच वेळी रांगेतली शेवटची बाई खड्डा चुकवायला उजवीकडे सरकली. माझं हँडल तिच्या कोपराला लागलं. फक्त लागलं. पण डोक्यावर ओझं असलेलं माणूस नुसतं अडखळत नाही, ते आडवंच होतं. पाटी उलटली, बोयटं आणि कोलंबी मातीत पसरली, आणि तिचा डावा हात अंगाखाली असा मुडपला की मी तो बघून तोंडावर हात ठेवला. तो हात तसा वळायला नको होता.

पुढच्या बायका धावत आल्या. मी शिव्यांची वाट बघत होते. मला त्या हव्या होत्या. पण ती मातीत बसून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “तुजी चूक न्हाय गो पोरी. माज्याच कानांना आयकू न्हाय आलं.”

मी खाली बसून मातीतली कोलंबी पाटीत भरू लागले.

हाताला प्लास्टर घातलं. आठवडाभर मी रोज तिच्या घरी जात होते, मावशी म्हणत होते, पाणी भरत होते, चहा पीत होते. ती नवऱ्याला ‘माजे कान गेले’ म्हणायची, ते मला नुसतं बोलण्यातलं वाटायचं. तिचा नवरा खाडीत जाळं लावायचा, सून बाळंतपणाला माहेरी गेली होती. बाजारातल्या तिच्या जागेवर शेजारीण कशीबशी दोन्ही पाट्या सांभाळून बसत होती. बाजारात जागा मोकळी दिसली की दुसरी बाई तिथे बसते, आणि मग ती उठत नाही. मावशीच्या सासूचीही जागा तीच होती.

आठव्या दिवशी मीच म्हटलं, “मावशी, चला, मी सोडते गाडीवर.”

पाटी पुढे पायांजवळ ठेवली. मावशी मागे बसली, चांगल्या हाताने माझा खांदा धरला. मी गाडी सुरू केली. थोडं पुढे गेल्यावर खांद्यावरची तिची बोटं एकदम घट्ट झाली.

“गाडी चालू हाय का गो?”

“हो. का?”

“मना काईच आयकू येत न्हाय.” मग आवाज बारीक झाला. “तुजं बोलनं येतं, बसचा येतो. पन ही एवडी गाडी, मी वर बसलेली हाय, तरी न्हाय. माज्या आयशीचंबी असंच झालेलं. आज शेजारनीला सांगते, जागा तूच घे. बहिरीनं रस्त्यानं चालू नये.”

मी ब्रेक दाबला. ती हे इतक्या साधेपणाने बोलली होती, उद्या मीठ आणायचंय म्हणावं तसं. मनातल्या मनात ती जागा देऊनही टाकली होती.

“मावशी, तुमचे कान चांगले आहेत. ही गाडी बॅटरीची आहे. हिचा आवाज कुणालाच येत नाही.”

“खरा?”

“खरं. आईशप्पथ.”

ती हसली. केवढी हसली! “मेल्या गाडीचं! मानूस हाय का भूत हाय ही!” तिथेच थांबलं असतं तर सगळं नीट झालं असतं. पण ती खांद्यावरून वाकली आणि म्हणाली, “मग भोंगा न्हाय लावला कंपनीनं?”

“लावला होता. मी काढला.”

“बिघडला म्हनून?”

“नाही. हॉर्न वाजवणं वाईट असतं, म्हणून.”

ती गाडीवरून उतरली. तिच्या तोंडावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, हे सगळ्यात वाईट होतं.

“शिकलेली ना गो तू?”

मी हँडलवरचं हॉर्नचं मुकं बटण अंगठ्याने दाबलं.

“आठ दिस मी नवऱ्याला सांगते, माजे कान गेले. तू तिथं बसून च्या पीत व्हतीस.”

मग तिने बोट दाखवलं. “गाडी लाव तिथं. पाटी उचल. डोक्यावर घे.”

तिने एका हाताने माझ्या डोक्यावर चुंबळ बसवली. पाटी मी कशीबशी उचलली. पहिल्या दहा पावलांतच मला कळलं की मान वळवता येत नाही. जरा वळवली की पाटी कलते, मासळीचं गार पाणी कानामागून पाठीत उतरतं. समोर दिसतं तेवढंच जग. मागचं सगळं कानांवर सोपवायचं.

मागून हॉर्न वाजला. मी डावीकडे झाले, रिक्षा निघून गेली. पुन्हा वाजला, पुन्हा झाले. कुणीतरी मला बघितलंय, एवढाच त्या आवाजाचा अर्थ होता. चपराक कुठेच नव्हती.

मग काहीही न वाजता एक सायकल कोपराला घासून गेली. मी जागच्या जागी गोठले.

मावशी मागून चालत होती. “थांबू नको,” ती म्हणाली. “माजी जागा जायची. मी हाय मागं, मी सांगते. चल.”

आणि बाजार येईपर्यंत माझ्यामागे ती ओरडत राहिली, “डावीकडं सरक! बस हाय! आता उजवीकडं!” मी सरकत गेले. जागेवर शेजारीण अजून बसून होती. मावशीला बघताच तिने आपली पाटी बाजूला ओढून तिला जागा करून दिली.