मंडप फाडला त्या दिवशी

तो मंडप आम्ही सुरतेत, बमरोलीच्या एका बंद मिलच्या शेडमध्ये उभारला होता. गुजराती पिक्चर होता आणि त्यात श्रीमंताघरचं लग्न. मी सेट सजवणाऱ्यांत होते, कापडाचं काम माझ्याकडे. केशरी-गुलाबी झालरी डिंडोलीत माझ्या मावशीने आणि तिच्या गल्लीतल्या बायांनी शिवल्या, टिकल्याही त्यांनीच लावल्या. शूटिंग झाल्यावर कापडाचं काय करणार, असं मावशीने विचारलं होतं. मी प्रॉडक्शन मॅनेजरला विचारलं, तर तो म्हणाला, "घेऊन जा ना, आम्हाला काय करायचंय?" झालं, बायांनी ठरवूनही टाकलं. बालवाडीला पडदे आणि उरलेल्याच्या गोधड्या.

शेवटच्या दुपारी पॅकअप झाल्यावर मी मावशीला आणि दोघी शेजारणींना रिक्षाने घेऊन आले. शेडमध्ये शिरलो तर माणसं शिडीवर चढून कटरने झालरी उभ्या चिरत होती. एक चिरली की खाली टाकायची, मग पुढची.

"हाई काय करी ऱ्हायनात तुम्ही?" मावशी ओरडली. रागावली की ती अहिराणीवरच येते.

मॅनेजर खुर्चीतून उठलाही नाही. "डायरेक्टरसाहेबांचा हुकूम आहे. उद्या हाच मंडप दुसऱ्याच्या पिक्चरमध्ये दिसला तर? आमचा लूक आहे हा."

"बालवाडीत कोण पिक्चर काढणार आहे?" मी म्हणाले.

"तमारुं काम पती गयुं, बेन. घेर जाओ." तुमचं काम संपलं, घरी जा, म्हणे.

माझं डोकंच फिरलं. आख्खं सुरत कापडावर जगतं. इथे चिंधीसुद्धा विकली जाते, तिच्यावर कुणाचं तरी घर चालतं. आणि हे लोक नवंकोरं कापड चिरत होते, का, तर दुसऱ्या कुणाला ते मिळू नये! मी शिडी हलवली. वरचा माणूस घाबरून उतरला. त्याच्या हातातला कटर मी काढून घेतला. शेजारणी तोवर न चिरलेल्या झालरी भराभर सोडवू लागल्या होत्या.

तेवढ्यात मागच्या दाराशी ट्रॅक्टरची ट्रॉली भरत असलेली दिसली. थर्माकोलचे खांब, अर्ध्या प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्या, उष्ट्या प्लेटी, सगळं एकत्र.

"कुठे नेताय?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"खाडीवर."

ती खाडी तुंबली की मावशीच्या घरात गुडघाभर काळं पाणी शिरतं. गाद्या फेकाव्या लागतात. मी ट्रॅक्टरसमोर उभी राहिले. शेवटी डायरेक्टर गाडीतून उतरून आला. गोड आवाजात म्हणाला, "तुमच्या भावना मी समजतो."

"भावना नाहीत साहेब, थर्माकोल आहे. तुमच्या गाडीत भरून घरी न्या."

तो हसला. हसलाच! मी त्याच्याशी भांडत होते तेवढ्यात ड्रायव्हरने ट्रॉली मागे घेतली आणि दुसऱ्या फाटकातून काढली. मी धावले, पण ती रस्त्याला लागली होती. मावशीने जेवढं कापड वाचलं तेवढं गाठोड्यात बांधलं आणि परत येताना रिक्षात ती ते मांडीवर घेऊन बसली.

त्या कंपनीने मला पुन्हा बोलावलं नाही. तेव्हापासून मी काम घेण्याआधीच विचारते, सेट मोडल्यावर काय कुठे जाणार? बहुतेक जण फोन ठेवतात. एका वेबसिरीजवाल्यांनी मात्र मान्य केलं. पडदे भाड्याने आणून परत केले, प्लायवूड एका सुताराने नेलं, पाण्याला जार आणि स्टीलचे पेले. त्या पेल्यांचे फोटो त्यांनी हौसेने सोशल मीडियावर टाकले. मग एकदा मी हिरोच्या व्हॅनमध्ये कपडे द्यायला गेले, तर आत पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांचे खोके छतापर्यंत रचलेले.

मी एक खोका उचलला आणि सगळ्यांदेखत निर्मात्याच्या टेबलावर आदळला. "याचाही फोटो टाका," म्हटलं.

उरलेले खोके त्याने दुकानात परत पाठवले. दात-ओठ खात पाठवले, पण पाठवले. हिरो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. न बोलो. मी त्याच्यासाठी जार भरून ठेवत राहिले, आणि तहान लागली की तो मुकाट्याने त्यातलंच पाणी प्यायचा.