रुपेनी आणि माझं खोबरेल

रुपेनी मला कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की तिमाइमानं मनातलं झाकून ठेवलं. नऊ वर्षं तो आमच्या बेटावर होता, नऊ वर्षं मी त्याच्याकडे बघून हसले, आणि त्यातलं एकही हसू खरं नव्हतं.

शिक्षणखात्यानं त्याला बेटावरच्या पाच शाळांचे कॉम्प्युटर सांभाळायला पाठवलं होतं, तात्पुरता म्हणून. उंच, थोडा वाकलेला, खांद्याला मेणकापडाची पिशवी, तिच्यात स्क्रू-ड्रायव्हर, जुने पंखे आणि वायरींची भेंडोळी. बोलणं असं की समोरच्याला देवानं अक्कल दिलीच नाही. मी शाळेची कारकून, ऑफिसातलं एकुलतं एक यंत्र माझ्या ताब्यात, त्यामुळे त्याच्या जिभेची सगळ्यात जास्त धार माझ्या वाट्याला आली.

आणि मला रागवायची सोय नव्हती, कारण तो माझा तौवू. त्याच्या गावाचा आणि माझ्या गावाचा मूळ देव एक, म्हणून दोन्ही गावची माणसं जन्मतःच एकमेकांची तौवू. तौवूनं तौवूला वाट्टेल ते बोलावं, त्याच्या घरातली हवी ती वस्तू उचलून न्यावी, आणि ज्याची गेली त्यानं हसावं. जो रागावला त्याच्या अख्ख्या गावाची छीथू. बघणाऱ्यांना यात फार मौज वाटते. बघणाऱ्यांचं काय जातं?

रुपेनीनं पहिल्याच महिन्यात माझा थर्मास नेला. मग छत्री. तिसऱ्या वर्षी टेबलफॅन, तोही ऐन जानेवारीत, आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात.

"तौवू, तुझ्या गावच्या माणसांना वारा कशाला? डोक्यात हवाच तर भरलीय," असं म्हणून फॅन काखेत मारून तो चालता झाला. शिक्षक पोट धरून हसले. दातओठ खायची मुभा नव्हती, म्हणून मी नुसते दात दाखवले.

आता खोबरेलाचं सांगते. आमचं ऑफिस समुद्रापासून चाळीस पावलांवर आहे. खिडकीत खिळा ठेवला तर महिन्यात तांबडा होतो. माझी आई शिवणयंत्राला, कुलपाला, बिजागरीला, सगळ्याला खोबरेल लावायची आणि तिचं शिवणयंत्र तिच्यामागेही चालतंय. मग मी काय वेगळं करणार? वर्षातून दोनदा सीपीयूचा डबा उघडायचा, कोंबडीचं पीस खोबरेलात बुडवायचं आणि आतल्या पत्र्यावरून, स्क्रूंवरून, रिकाम्या खाचांमधून फिरवायचं. बाकी शाळांची यंत्रं दोन-तीन वर्षांत गंजून मेली. माझं सातव्या वर्षात होतं. रुपेनी म्हणायचा, ही माझी करामत. मी म्हणायचे, बरं बाबा.

एकदा त्यानं मला पीस हातात धरलेलं पाहिलं.

"तौवू, तुमच्या गावात कसावा आणि कॉम्प्युटर एकाच तेलात तळतात का गं? घाल तेल, घाल. एक दिवस हा बसेल, मग ये रडत माझ्याकडे."

"तुझ्या गावात अंगालाही तेल मिळत नाही रे, म्हणून तर तू असा कुरकुरतोस," मी म्हणाले.

झालं. टोमणा म्हणून ऐकला, टोमण्यानं फेडला. त्यात एक कामाची गोष्ट होती हे ध्यानात आलं नाही. आलं असतं तरी त्याचं मी ऐकलं नसतं, हेही सांगून टाकते.

त्या वर्षी परीक्षाखात्यानं मुलांचे प्रकल्पाचे गुण भरायला नवा प्रोग्राम पाठवला. आमच्या यंत्रावर तो उघडायचा आणि गुदमरून बंद पडायचा. जास्त मेमरी हवी, असं रुपेनी म्हणाला. राजधानीच्या, म्हणजे सुवाच्या बोटीनं रॅमच्या दोन नव्या पट्ट्या आल्या आणि सोमवारी सकाळी तो त्या घेऊन हजर झाला. गुण बुधवारी चारच्या आत पोचायचे होते. त्याच आठवड्यात आणखी एक कागद हेडमास्तरांच्या टेबलावर होता. रुपेनीला कायम करावं की नाही, असं खात्यानं विचारलं होतं, आणि उत्तर गुरुवारच्या बोटीनं जायचं होतं. कायम झाला की खात्याचं घर. घर मिळालं की बायको आणि दोन मुली सुवातल्या कुणाच्या तरी मागच्या खोलीतून इकडे येणार. नऊ वर्षं तो त्यांना नाताळात तेवढा भेटत होता. हे सगळं त्यानंच मला ऐकवलं होतं, एरवी मला काय करायचं होतं?

सोमवारी त्यानं जुनी पट्टी काढली, दोन नव्या बसवल्या, बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच. मग तीन लांब बीप.

"तौवूची नजर लागली," तो म्हणाला.

पट्ट्यांची अदलाबदल केली. तीन बीप. एकच पट्टी ठेवली. तीन बीप. शेवटी निमूटपणे जुनी पट्टी जुन्या जागी लावली, कालपर्यंत चालणारी, आणि तरीही तीन बीप. तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग दिवसभर त्याचं खोलणं चाललं. एकेक वस्तू काढायची, एकेक लावायची, आणि दर वेळी बटण दाबून कान द्यायचा. छोटी बॅटरी काढून पुन्हा बसवली. ग्रंथालयातल्या बंद यंत्राचा पॉवर सप्लाय आणून जोडला, दुसरा मॉनिटर लावला. दवाखान्यात एक यंत्र होतं, पण त्याच्यावर परीक्षाखात्याचा प्रोग्राम मुळी उघडेचना. संध्याकाळपर्यंत आमचं यंत्र टेबलभर पसरलं होतं आणि हेडमास्तर कालावेती दारात उभे होते. कालावेती फार शिस्तीचे. त्यांच्या बावीस वर्षांत शाळेचा एकही कागद उशिरा गेला नव्हता, आणि हे ते दर सोमवारी प्रार्थनेनंतर सांगत.

"चालू यंत्र होतं, रुपेनी," ते म्हणाले.

"होतं, मास्तर."

"मग तू हात लावलास."

रुपेनीनं पुढचा स्क्रू उचलला.

मंगळवारी दुपारी हेडमास्तरांच्या ओसरीवर यांगोनाचं, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या कडवट पेयाचं, लाकडी भांडं मांडलेलं होतं. शिक्षक चटईवर बसून आळीपाळीनं करवंटी रिकामी करत होते. मी जरा मागे बसले होते. तेवढ्यात रुपेनी ऑफिसातून तरातरा आला, हातात नवी रॅमची पट्टी. खाली बसण्याआधीच त्यानं ती हेडमास्तरांच्या नाकाशी धरली.

"वास घ्या, मास्तर."

हेडमास्तरांनी मान मागे घेतली. "काय हे?"

"खोबरेल. शिळं, गोंद झालेलं. रिकाम्या खाचांत भरलंय. मी नवी पट्टी तिथे घातली, मग तीच काढून चांगल्या खाचेत घातली, म्हणून तीही बरबटली. यंत्र मेलेलं नाही. दवाखान्यातलं स्पिरिट द्या, एक ब्रश द्या, उद्या दुपारच्या आत चालू करतो." मग त्यानं माझ्याकडे बोट केलं. "तेल हिनं घातलंय. कोंबडीच्या पिसानं. सात वर्षं घालतेय."

गणिताचे मास्तर फस्सकन हसले आणि त्यांच्यामागून सगळी ओसरी हसू लागली. कुणी मांडीवर थाप मारली, कुणी म्हणालं, वा रे तौवू, यंत्र मारलं यानं आणि सुतक हिला! कोंबडीच्या पिसावर तर एकजण इतका हसला की त्याला ठसका लागला.

"मी थट्टा करत नाहीये," रुपेनी म्हणाला.

त्यावर आणखी मोठा हशा.

सगळे माझ्याकडे वळले, आता तौवू काय उत्तर देते बघू म्हणून. हेडमास्तर मात्र हसत नव्हते. त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा 'खरं आहे' एवढं म्हटलं असतं तर संपलं होतं. दोन शब्द. पण मला तो थर्मास आठवला, ती छत्री, तो जानेवारी. आणि भीतीही वाटली, हेही खरं. बावीस वर्षांत कागद उशिरा न गेलेल्या माणसासमोर, सात वर्षं सरकारी यंत्रात तेल घालतेय असं कोण कबूल करेल?

"मास्तर," मी म्हणाले, "याच्या गावात कोंबडीच नाही, म्हणून याला पिसाचं एवढं अप्रूप."

ओसरी दणाणली. रुपेनी माझ्याकडे बघत राहिला.

"पुरे," हेडमास्तर म्हणाले. "बाईमाणसावर ढकलतोस? आता त्या यंत्राला हात लावायचा नाही. सुवाहून माणूस बोलावतो. तिमाइमा, ऑफिसला कुलूप लाव, किल्ली तुझ्याकडे ठेव."

बुधवारी सकाळी आठलाच तो माझ्या दाराशी आला. हातात स्पिरिटची बाटली आणि एक जुना टूथब्रश.

"किल्ली दे."

"हेडमास्तरांना विचार."

"विचारलं. नाही म्हणाले. तू सांग त्यांना. एक वाक्य सांग, तिमाइमा."

नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला नावानं हाक मारली होती. पायरीच्या खाली उभा होता, वर आला नाही.

"आज शिव्या घरी विसरलास की काय, तौवू?" मी म्हणाले.

"मुली शाळेत घालायच्या आहेत इथे," तो म्हणाला. "धाकटी मला ओळखत नाही धड."

मी कसावा सोलत होते. सोलतच राहिले. तो थोडा वेळ थांबला आणि गेला. मूग गिळून बसणं किती सोपं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. हात कामात असले की झालं.

दुपारी तीनला, सुवाहून माणूस पुढच्या आठवड्याशिवाय येत नाही असं समजल्यावर, हेडमास्तरांनीच निरोप धाडला: उघड ऑफिस, करू दे काय करतो ते. रुपेनीनं खाचा स्पिरिटनं धुतल्या, ब्रशनं घासल्या, पट्ट्यांचे सोनेरी दात मुलांच्या पांढऱ्या खोडरबरानं साफ केले. घाई केली नाही. दोन्ही नव्या पट्ट्या बसवल्या, बटण दाबलं. एकच छोटी बीप, आणि पडदा उजळला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

गुण गेले. मुलांचं काही नुकसान झालं नाही. शाळेच्या नावापुढे मात्र 'विलंब' असा शेरा आला, बावीस वर्षांत पहिला. हेडमास्तरांनी तो दोनदा वाचला आणि मला पत्र घ्यायला बसवलं.

त्यांनी सांगायचं आणि मी टाइप करायचं. "सदर तंत्रज्ञाच्या हलगर्जीपणामुळे..." असं ते सांगत होते. "...स्वतःची चूक कबूल करण्याऐवजी शाळेच्या कर्मचाऱ्यावर आरोप..." यंत्र आधी कधी चाललं नव्हतं इतकं सुरेख चालत होतं. "...कायम करण्याची शिफारस करता येत नाही." मी पत्रात एकही चूक केली नाही. सहीसाठी पुढे केलं, सही झाली, पाकीट मीच चिकटवलं.

गुरुवारी सकाळी ऑफिसला आले तर पायरीवर माझा थर्मास होता. घासून लख्ख केलेला. त्याच्याशेजारी छत्री, तिची मोडकी काडी दुरुस्त केलेली. आणि टेबलफॅन, जाळी पुसलेली, वायर नीट गुंडाळलेली. आमच्यात तौवू नेलेली वस्तू परत करत नाही. कुणीच कधी केलेली नाही. चोरही करील एकवेळ, तौवू नाही.

शिफारस होणार नाही हे कळून रुपेनी गुरुवारच्या बोटीनं कायमचा सुवाला निघाला होता. मी धक्क्यावर गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही. पत्राचं पाकीट टपालाच्या थैलीत होतं आणि थैली त्याच बोटीत, त्याच्या मेणकापडाच्या पिशवीपासून हातभर अंतरावर. लोक निरोप द्यायला जमले होते. तौवू आली म्हटल्यावर सगळ्यांनी मला वाट करून दिली, आता शेवटची जुगलबंदी ऐकायला मिळणार म्हणून.

"काय रे लांबोड्या," मी ओरडले, "पळतोस काय? माझा फॅन न्यायची ताकद संपली वाटतं! ये, परत ने! तुझ्या गावाला तेवढाच वारा!"

लोक हसले आणि त्याच्याकडे बघू लागले. रुपेनी कठड्याशी आला. त्यानं टोपी काढली, गावच्या पाद्र्यासमोर काढतात तशी, आणि मान लववली.

"नऊ वर्षं तुम्हाला फार त्रास दिला, मॅडम," तो म्हणाला. "क्षमा असावी. खाचा स्वच्छ आहेत, आता त्यांत काही घालू नका."

कुणी हसलं नाही. गणिताचे मास्तर माझ्याकडे बघायला लागले, मग हेडमास्तरही. तौवू तौवूची क्षमा मागत नाही. ती परक्याची मागतात. बोट सुटली, वळली, आणि मी धक्क्यावर दात दाखवत तशीच उभी होते.

यंत्र अजून चालतं. डबा मी पुन्हा उघडला नाही. हेडमास्तरांनी तेलाबद्दल मला अजून विचारलेलं नाही, पण ऑफिसात आले की आधी वास घेतल्यासारखं करतात. जानेवारी पुन्हा आला आहे, अंगाची काहिली होते. फॅन त्या पायरीवरच आहे. त्याच्या जाळीला गंज धरू लागलाय, आणि मला तो उचलून आत आणवत नाही.