कूलर बंद करायचा की नाही

सावधगिरी हा आमच्या घराण्याचा कुळाचारच आहे. झोपण्याआधी दाराची कडी दोनदा पाहिली जाते, गावाला निघालेल्याच्या हातावर दही घातलं जातं, आणि कोणी तिन्हीसांजेला बाहेर पडू लागलं तर त्याला उंबऱ्यावरच थांबवतात. अकोल्याला ताईच्या घरी खिडकीतल्या लोखंडी कूलरच्या अंगात वीज उतरत होती. त्याबद्दल मात्र कुळाचारात काही सांगितलेलं नव्हतं.

मी अमरावतीहून भाऊजींना बघायला गेलो होतो. भाऊजी निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर अध्यक्षस्थान भूषवणं हा त्यांचा पूर्णवेळ उद्योग झाला होता. त्या मे महिन्यात तेल्हाऱ्याकडच्या एका गावात ते 'उन्हापासून बचाव' या विषयावर बोलायला गेले. प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला. पत्र्याच्या मंडपात, बंद गळ्याचा कोट आणि झेंडूचा हार घालून भाऊजी दुपारभर बसून राहिले आणि भाषणाला उठले ते 'बंधू आणि भगिनींनो' म्हणून कोसळले. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी ताईला बजावलं होतं, की खोली गार ठेवा. पुन्हा असंच झालं तर मी शब्द देऊ शकत नाही.

खोली गार ठेवायला तेवढा एकच कूलर होता. मी खिडकीजवळ गेलो आणि विदर्भात जन्मलेला कुठलाही माणूस करतो तेच केलं : तळहात न लावता बोटांची मागची बाजू पत्र्याला टेकवली. कोपरापर्यंत मुंग्या आल्या.

"ताई, याले करंट हाय!"

"हाय ना जरासाक," ताई म्हणाली. "पाव्हण्याइले जास्त लागते. मले वळखते थो."

"मंग बंद कर ना."

"बंद केला तं चालू होत नाही मंग. परवा बंद केला, तं मोटर नुसती गुणगुणत राहिली. काठीनं पंखा ढकलला तवा कुठं फिरला. अन् यायले दोन मिनिटं गरम झालं का चेहरा पाह्य कसा होते त्याइचा."

मी वकील आहे. दोन्ही बाजू ऐकून घेण्याची मला सवय आहे आणि निकाल दुसऱ्या कोणीतरी द्यायचा, हीही. कूलर चालू ठेवावा तर ताईच्या जिवाला धोका. बंद करावा तर भाऊजींच्या. कूलरवाल्याला फोन केला. मे महिन्यात कूलरवाल्याचा आवाज मंत्र्यासारखा होतो. "संध्याकाळी पाहू," तो म्हणाला, आणि कुठली संध्याकाळ ते न सांगता फोन ठेवला.

दुपार चढली. पडदे ओढलेल्या खोलीत भाऊजी डोळे मिटून पडले होते. कूलरच्या आवाजात मध्येच खरखर आली. टाकीतलं पाणी तळाला गेलं की पंप असा आवाज करतो. बाजूच्या वाळ्याच्या ताट्या कोरड्या पडल्या की हाच कूलर बाहेरची झळ आत फेकू लागतो. नळाला पाणी आठवड्यातून केव्हातरी येणार, म्हणून पाणी ड्रममधून बादलीनं आणायचं आणि हातानं ओतायचं.

"मी ओततो," मी म्हणालो. "चपला घालून."

"देवापुढं चपला?" ताई थबकली. कूलरच्या बरोबर खाली तिचं देवघर होतं.

"देव काही म्हणत नाही, ताई."

"देव नाही म्हणत. मी म्हणून राहिली ना!"

तिनं बादली उचलली. अनवाणी, सांडलेल्या पाण्यातून ती खिडकीपाशी गेली. मी बटणाजवळ जाऊन उभा राहिलो. बंद केलं तर ती ओरडणार आणि नाही केलं तर काय, ते मनात येऊ देत नव्हतो. अर्धी बादली नीट ओतली गेली. मग तिचा तोल जरासा गेला आणि तिनं आधाराला कूलरची कड धरली.

तिनं हाक मारली नाही. नुसती ताठ झाली. बादली खाली पडली, पण हात सुटला नाही.

मी बटण दाबलं. ताई भिंतीला घसरत खाली बसली आणि स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिली. पंखा फिरत फिरत थांबला. इतका वेळ तो आवाज होता म्हणून खोली खोली वाटत होती. आता ती भट्टी वाटू लागली.

"चालू कर," ताई बसल्या बसल्या म्हणाली.

"नाही."

"अरे, त्याइच्याकडं पाह्य!"

भाऊजींचा चेहरा तांबडा झाला होता आणि कपाळ पापडासारखं कोरडं. हाक मारली तर "हं" एवढंच म्हणाले. मी ओला पंचा त्यांच्या अंगावर टाकला. तोही बघता बघता कोमट झाला.

"शेजारी एसी हाय," मी म्हणालो.

ताईनं मान फिरवली. शेजारी राहणारे गृहस्थ भाऊजींच्याच शाळेत लिपिक होते. त्यांनी एसी बसवला त्या दिवशी भाऊजींनी भर रस्त्यात, मजुरांसमोर, एसीनं माणूस कसा नाजूक होतो यावर त्यांना व्याख्यान दिलं होतं. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं संक्रांतीच्या तिळगुळापुरतं उरलं होतं.

"त्याइच्या घरी? हे शुद्धीवर आले तं मले काय म्हणतील?"

"म्हणू दे ना. म्हणाले तं बरंच हाय."

ताईनं भिंतीचा आधार घेतला. मग उठली, डोक्यावर पदर घेतला आणि त्याच अनवाणी पायांनी तापल्या फरशीवरून शेजारी गेली. मी दारातून ऐकत होतो. लिपिकांनी सगळं ऐकून घेतलं नाही. "वहिनी, बोलत काय बसले?" एवढं म्हणून ते खुर्ची घेऊन धावत आले. आम्ही दोघांनी भाऊजींना खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचललं. अंगण ओलांडताना त्यांची मान एका बाजूला लोंबत होती. ताई त्यांच्या डोक्यावर छत्री धरून चालत होती.

लिपिकांच्या पलंगावर भाऊजींना निजवलं. डॉक्टर आले, त्यांनी सलाईन लावलं, ताईचा हातही पाहिला, आणि वाट बघा म्हणाले. आम्ही वाट बघितली. त्या थंडगार खोलीत मला घाम येत होता.

तासाभरानं भाऊजींनी डोळे उघडले. छताकडे पाहिलं, लिपिकांकडे पाहिलं, एसीकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पांघरूण मागितलं.