थांबवणारी तपासणी

रादोवान कुबासेकइतका भला माणूस ब्रनो शहरात शोधून सापडायचा नाही, आणि चूक खपवून न घेण्यात तितका हेकटही. कॉम्प्युटरच्या पोटात जिला कर्नेल म्हणतात ती मूळ यंत्रणा चालते, तिच्यातला फायली जपणारा एक लहानसा भाग त्याच्या ताब्यात होता. तिशीत असताना त्याने तिथे एक तपासणी घातली होती. दोन आकडे जुळले नाहीत की मशीन जागच्या जागी बंद. आता तो एकसष्टचा झाला, तपासणी तशीच होती.

ऑफिसातला ओताकार कटकट करायचा. "अहो, नुसता इशारा द्या आणि पुढे जाऊ द्या ना बिचाऱ्याला!"

"आणि पुढे जाऊन सगळी फाइल नासली तर? तू येणारेस निस्तरायला?"

मग ओलेश्ना गावाहून द्राहोमिरा शेबकोवा यांचं पत्र आलं. गावात वर्षभर जे घडेल ते लिहून ठेवायचं सरकारी काम या बाईंकडे होतं. मशीन दुरुस्त करणाऱ्याने रादोवानचं नाव शोधून दिलं होतं. "इंजिनियरसाहेब," त्यांनी लिहिलं होतं, "सेव्ह करायला गेलं की माझं मशीन बंद पडतं. ऑक्टोबरात माझे यजमान गेले. त्यांच्यावरचं पान तीनदा लिहिलं, तीनदा गेलं. चौथ्यांदा हात धजत नाही."

सोबत एक कागद होता. थिजलेल्या पडद्यावरचे आकडे बाईंनी पेन्सिलीने जसेच्या तसे उतरवले होते, पंचवीस ओळी, अक्षर मोत्यासारखं. पण जी ओळ हवी ती पडद्यावरून केव्हाच वर सरकून गेलेली, आणि डिस्कवर लिहिली जाण्याआधीच मशीन थांबलेलं. रादोवानने सगळं पुन्हा उतरवून मागितलं. आठवड्याने पुन्हा पंचवीस ओळी आल्या, तितक्याच सुबक. तेव्हा मात्र त्याला लाज वाटली. काय दुखतंय ते मशीन सांगू पाहत होतं, आणि त्याचं तोंड यानेच दाबलं होतं.

बाईंच्या मशीनपुरता त्याने बदल करून पाठवला: थांबायचं नाही, इशारा द्यायचा. आणि घाबरून फोन केला.

"आधी सगळा वृत्तांत पेनड्राइव्हवर काढून ठेवा, बाई. आणि यजमानांचं पान नको, भलतंच काहीतरी लिहून सेव्ह करा."

"काय लिहू?"

"काहीही. आज बटाटे उकडले म्हणून लिहा."

"गावच्या इतिहासात बटाटे? कमाल आहे तुमची!"

बटाटे सेव्ह झाले. इशाराही आला, आणि या वेळी पूर्ण नोंद रादोवानच्या हाती पडली. दोन दिवस तो तिच्यावर डोकं धरून बसला. आकडे दोन्ही बरोबर होते. चुकली होती ती तपासणीच. एक आकडा ती क्षणभर आधी वाचत होती. बाईंची फाइल कधी धोक्यात नव्हतीच. ओताकारने त्याच्यापुढे कॉफी आणून ठेवली.

दुरुस्ती पाठवताना रिवाजाप्रमाणे चूक कळवणारीचं नाव त्याने खाली घातलं: द्राहोमिरा शेबकोवा. एवढ्यावर गप्प बसता आलं असतं. पण त्याने फोन उचलला.

"बाई, तुमची तिन्ही पानं माझ्यामुळे गेली. मशीन धडधाकट होतं. मीच ते थांबवत होतो."

बाईंनी एवढंच विचारलं:

"टाइप करता येतं ना तुम्हाला?"

"येतं."

"मग या शनिवारी. मी सांगते, तुम्ही लिहा."

शनिवारी तो बसने गेला. बाईंनी प्लमचा मुरंबा भरलेले कोलाचे, म्हणजे गोड पाव, पुढे ठेवले आणि त्याच्याकडे पाठ करून खिडकीशी उभ्या राहिल्या. "ऑक्टोबरच्या नऊ तारखेला माझे यजमान येरोनिम शेबेक गेले," त्या म्हणाल्या. "गावाचा पाण्याचा पंप त्यांनी चौतीस वर्षं सांभाळला." आणि मध्येच थांबल्या. रादोवानने घाई केली नाही. कीबोर्डवर बोटं ठेवून तो नुसता बसून राहिला.

"लिहा," त्या कितीतरी वेळाने म्हणाल्या, "घरी येताना ते लांबूनच शिट्टी वाजवायचे, म्हणजे मी सूप गरम करायला ठेवावं."

त्याने लिहिलं. पान पुरं झालं, पण सेव्ह करायला त्याचा हात काही पुढे होईना. बाई मागून आल्या, त्याच्या खांद्यावरून वाकल्या आणि त्यांनीच बटण दाबलं.

पान राहिलं.