आबाजींचा कंपायलर आणि आनंदीबाईंचं विरजण

दहिवलीचे आबाजी साजगावच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं फोरमन होते. तयार मालावर त्यांचा विश्वास नाही. गिरणीत दळण संपेपर्यंत ते शेजारी उभे राहतात आणि गिरणीवाला तेवढा वेळ देव आठवतो. निवृत्तीनंतर भाच्याचा जुना कॉम्प्युटर घरी आला. त्याला चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम आयती घालायची नाही, तिचा मूळ मजकूर नेटवरून उतरवून घरीच बांधायची, असं आबाजींनी ठरवलं.

त्यांच्या हाताखाली शिकलेला संतोष हसला. "आबाजी, पेनड्राइव्हवर तयार हाय. वीस मिनिटं."

"तुजं वेल्डिंगबी वीस मिनिटांचंच असायचं. मग आमी ते दोन दिवस घासायचो."

शेवटी पैज ठरली. रविवारी दुपारपर्यंत जमलं नाही, तर संतोषने पेनड्राइव्ह लावायचा आणि आबाजींनी गप्प उभं राहून बघायचं. एवढी नामुष्की त्यांच्यावर कारखान्यातल्या संपातही आली नव्हती.

काम होतं कंपायलरचं. माणसाने लिहिलेलं तो यंत्राला कळेल असं करून देतो. सोमवारी चहा झाल्यावर आबाजींनी तो सुरू केला आणि शेतावर गेले. चालत्या मशीनकडे टक लावून बसलं की ते लाडावतं, असं त्यांचं मत. जेवायला परतले तर कंपायलर मेलेला, काम अर्धवट टाकून बंद. मंगळवारी पुन्हा मेला, पण मजकुराच्या वेगळ्याच ओळीवर. नेटवरच्या जाणकारांनी कळवलं, की एकाच ओळीवर मरत असेल तर दोष कंपायलरचा, दर वेळी वेगळ्या ओळीवर मरत असेल तर यंत्राचा.

आबाजींनी रजिस्टर काढलं. दिवसाला एकच बदल, हा कारखान्याचा नियम. बुधवारी मेमरीच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या. मेला. गुरुवारी एक पट्टी काढली. मेला, आणि जरा लवकरच. 'कारण' हा रकाना मोकळा सोडणं स्वभावात नसल्याने तिथे 'चौकशी चालू' असं लिहिलं. शुक्रवारी तत्त्व बाजूला ठेवून ते समोर स्टुलावर बसले.

नऊ वाजता त्यांच्या पत्नी आनंदीबाई आल्या. विरजण लावलेलं पातेलं त्यांनी कॉम्प्युटरच्या पेटीमागच्या, गरम हवा सोडणाऱ्या जाळीला चिकटवून ठेवलं आणि पातेलं व पेटी दोघांवर मिळून एक गोधडी घातली.

"अगं, हे काय चाललंय?"

"थंडीत दही लागत नाय. हितं बारापर्यंत कसं घट्ट लागतंय! सोमवारपासून खाताय की."

"तो मरतोय ना गरमीनं!"

"मग आदी सांगायचं, अवो. मला वाटलं, गरम व्हायचं हेच त्याचं काम हाय."

त्या पेटीने आठवडाभरात दुसरं काही करून दाखवलं नव्हतं.

गोधडी काढायची आणि पातेलं वीतभर मागे, एवढ्यावर तह झाला. कंपायलर शनिवारभर चालला, रविवारीही चालला, आणि संतोष दारात चपला काढत असताना संपला.

पडदा काळा होता. त्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत होती.

"गाणी लागतात?"

"नाय."

"नेट?"

"नाय."

"मग येतं काय याला?"

आबाजींनी चार अक्षरं टाइप केली. पडद्यावर तारीख आणि वेळ उमटली. सकाळचे सात.

संतोषने मनगटावर पाहिलं. "आबाजी, साडेबारा वाजलेत."

"पहिल्या दिवशी कोण टायमात असतं रं? तू कारखान्यात किती वाजता उगवला होतास?"

संतोषने पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि जेवायला बसण्यासाठी हात धुवायला गेला.