खालची बाजू

सामान हलवणाऱ्या चौघांच्या टोळीत मुकादमाचा एकच हट्ट होता. जिना उतरताना कपाटाची खालची बाजू त्याची. खालच्या माणसावर भार जास्त येतो, आणि मुकादमानेच हलकी बाजू धरली तर बाकीच्यांना कोणत्या तोंडाने कामाला लावायचं? सव्वीस वर्षं तो असा छातीशी कपाट धरून उलट्या पावलांनी जिने उतरत आला.

कोण कुठे उभा राहणार हेही तोच ठरवी. त्याच्या शेजारी ढेऱ्या. वर लंबू आणि बुटका, कपाटाखालून घेतलेला पट्टा खांद्यावर ओढून धरायला. हे दोघे साडू. सासूने आपलं शिलाई मशीन धाकटीला, म्हणजे बुटक्याच्या बायकोला दिलं आणि बहिणींचं बिनसलं. बायकांचं बिनसल्यावर साडूंनी एकमेकांशी बोलून घरी कुठल्या तोंडाने जायचं? दोन वर्षं अबोला. लंबू काही असेल ते ढेऱ्याला सांगे, आणि ढेऱ्या ते हातभर अंतरावरच्या बुटक्याला पोचवी. मुकादमाने त्यांना मुद्दाम शेजारी जुंपलं होतं. कपाट भिंतीला घासायला लागलं की झक मारत तोंड उघडतील, असा त्याचा होरा. पण कपाट कधी घासलं नाही, याचाच त्याला राग यायचा.

अलीकडे त्याला बोलायला नवा विषय मिळाला होता. फर्निचर हलकं झालंय. भुशाला गोंद लावून उभं करतात आणि त्याला लाकूड म्हणतात, असं तो रोज संध्याकाळी बायकोला ऐकवायचा. ती त्याच्या गुडघ्याला मलम चोळत असायची.

"मग हे गुडघे कशाने सुजतात?" एकदा तिने विचारलं. त्याने पाय ओढून घेतला.

एके दिवशी एका निवृत्त शिक्षिकेचं घर हलवायचं होतं. बाई मुलीकडे राहायला निघाल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरचं त्यांचं कपाट पाहून मुकादम थबकला. बावीस वर्षांपूर्वी त्यानेच ते वर चढवलं होतं, सहा माणसं लावून, मजल्यामजल्यावर टेकवत. कपाटाच्या एका पायाचा टवका त्याच्याच हातून उडाला होता. अस्सल साग. आज खरं लाकूड आहे, अंगचोरी चालायची नाही, असा त्याने तिघांना दम भरला, श्वास घेतला आणि उचललं.

कपाट हलकं होतं.

एक मजला उतरेपर्यंत त्याने स्वतःची समजूत घालून पाहिली. लाकूड वाळलं असेल, आतून पोखरलं असेल. मग वळणावर त्याने टेकवायला सांगितलं आणि खाली वाकून पाहिलं. मधला पट्टा नेहमीचा होता. पण मुकादमाच्या कोपऱ्याखालून आणखी एक पट्टा निघून वर बुटक्याच्या खांद्यावर गेला होता.

"हा कधीपासून?"

ढेऱ्या भिंतीकडे बघायला लागला. लंबू म्हणाला, "आठ महिने झाले, मुकादम. पाळी लावलीय. एक दिवस हा, एक दिवस मी."

"तुम्ही तर बोलत नाही एकमेकांशी."

"नाहीच बोलत," बुटका म्हणाला. "तेवढंच ठरवलं."

मुकादमाला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला. दोन वर्षं यांचं जमावं म्हणून तो डोकं लढवत होता, आणि यांचं जमलं ते त्याच्या गुडघ्यांवरून. ओरडावं म्हटलं तर कोणावर? सव्वीस वर्षांची जागा आठ महिन्यांपूर्वीच गेली होती, आणि कळली मात्र आज. त्याने कपाटाच्या टवका उडालेल्या पायावरून अंगठा फिरवला.

"लंबू, खाली ये," तो म्हणाला. "माझा कोपरा तू धर."

"आणि तुम्ही?"

"मी पुढून पायऱ्या सांगतो. तिघांत उतरतंय ते. आठ महिने उतरतंय."

लंबू खाली आला, दोन्ही पट्टे बुटक्याच्या खांद्यांवर गेले. मुकादम पुढे होऊन मोठ्याने पायऱ्या मोजायला लागला. पाचव्या पायरीवर मागून बुटक्याचा आवाज आला.

"तुझी बाजू खाली जातेय. सोडू नकोस."

"सोडायला हे काय शिलाई मशीन आहे?" लंबू म्हणाला.

"उचल म्हणतो ना!"

"उचललंय. तूच नीट धर."

ढेऱ्याला निरोप पोचवायची गरज उरली नव्हती. मुकादमाने मागे वळून पाहिलं नाही. सरळ तोंडाने जिना उतरायची त्याला सवय नव्हती, आणि रिकाम्या हातांचं काय करावं तेही कळेना. त्याने कठडा धरला.

"सहा," तो म्हणाला. "सात. पुढे वळण आहे."