पणजोबांच्या वहीतली बरोबरची खूण

मंडळी, आज दुपारी माळा आवरताना निजामाच्या काळातली पणजोबांची इंग्रजीची वही सापडली. घर धर्मापुरीला, शिकायला ते अंबाजोगाईला. मास्तरांनी 'करायला हवं होतं' अशा अर्थाची दहा इंग्रजी वाक्यं लिहायला दिलेली. प्रत्येकाखाली उर्दूत अर्थ.

एकाच वाक्याखाली मराठी: 'मी आईला बघायला जायला पाहिजे होतं.'

वडिलांना विचारलं. म्हणाले, "त्यांची माय पलेगात गेली. सांगावा आलता, पण इम्तिहान व्हता म्हणून गेले न्हाईत."

त्या वाक्यावरही मास्तरांची लाल खूण आहे. बरोबर.

मीही इंग्रजीच शिकवतो. आज सकाळी याच धड्याच्या छत्तीस वह्या तपासल्या, भराभर खुणा केल्या. खरं सांगतो, कुणाचं एकही वाक्य आठवत नाही.